ब्लॉकवरची फुली

मामाचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान लालबागला होतं. दुकान कसलं, चाळीच्या जिन्याखालची खोली. दिवसा लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, गणपती मंडळाचे बॅनर. रात्री युनियनची पोस्टरं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मामाच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळायला लागला. किती पोस्टरं छापली याचा हिशेब त्याच्याकडे नाही. पैसे कोणी दिले नाहीत, म्हणून पावती फाडायची वेळ आली नाही.

मी मुद्राचित्रकार. लिनो आणि लाकूड कोरते, ठसे काढते, खाली पेन्सिलने आकडा आणि सही घालते. मग ते काचेआड जाऊन कोणाच्या तरी भिंतीवर लागतात. दोघांचा धंदा एकच, असं आई म्हणते. आम्हा दोघांनाही ते मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा माझ्या कामाच्या खोलीवर आला. फडताळातले ब्लॉक एकेक काढून, चष्मा कपाळावर सरकवून बघत होता. एका ब्लॉकवर थांबला. नोटाबंदीच्या वेळी बँकेबाहेर लागलेली रांग मी लिनोवर कोरली होती, तो. त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल चरे होते.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"हात घसरला?"

"नाही रे, मुद्दाम. एडिशन संपली की ब्लॉक कॅन्सल करतात. पंधरा प्रती काढायच्या म्हणून सांगितलं होतं, पंधरा काढल्या. सोळावी निघू नये म्हणून फुली."

मामा स्टुलावर बसला. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

"पोलीस आले नाहीत, जप्ती आली नाही, कोणी धमकी दिली नाही. आणि तू तुझ्या हाताने?"

"मामा, ही जगभरची रीत आहे."

"कधीपासूनची?"

हा प्रश्न त्याने अगदी बरोबर विचारला होता. आकडा घालून सही करण्याची रीत फार जुनी नाही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याआधी पाटा चालेल तोवर छापत. तसं मी सांगितलं. मग म्हटलं, ठसे काढून काढून ब्लॉक झिजतो, शेवटच्या प्रती फिक्या येतात, म्हणून आकडा ठरवावा लागतो.

"लिनो? लिनो पंधरा प्रतींत झिजतो? मला नको सांगूस. नीट शाई लावली तर शेकड्यांनी निघतील."

निघतील, हे मलाही ठाऊक होतं. तांब्याच्या पाट्यावर नुसत्या सुईने ओरखडून काढलेलं चित्र थोडक्याच प्रतींत दमतं; लिनो दमत नाही. खरं कारण सांगितलं. पंधराच आहेत म्हणून किंमत येते, आणि किमतीतून या खोलीचं भाडं जातं.

"मग असं म्हण ना. झिजतो म्हणे!"

चहा आला. चहा पिताना मामाने चित्तप्रसादांचा विषय काढला. काढणार हे मला माहीतच होतं. मामाच्या पिढीतल्या डाव्या माणसांना बंगालचा हा चित्रकार आपला वाटतो, कारण १९४६च्या सुमारास तो मुंबईला आला आणि आयुष्याचा मोठा काळ अंधेरीच्या एका खोलीत राहिला. इप्टा या डाव्या नाट्यसंघटनेचं नगारा वाजवणाऱ्याचं बोधचिन्ह त्याचंच. १९४३च्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला, प्रेतं, सांगाडे, कुत्री, रिकामी घरं चितारली, आणि 'हंग्री बेंगॉल' या नावाने ती छापून काढली. इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या.

"पाच हजार प्रती," मामा म्हणाला. "सरकारला भीती कशाची वाटली सांग. चित्राची? एकच चित्र असतं तर एखाद्या साहेबाने दिवाणखान्यात लावलं असतं. भीती पाच हजारांची होती. आणि तू काय केलंस? पंधरा छापल्यास आणि सोळावीची जप्ती स्वतःच केलीस."

"ती शाईने काढलेली रेखाचित्रं होती, लिनो नव्हते," मी म्हटलं. आपली बाजू लंगडी असली की माणूस असल्या दुरुस्त्या करतो. "लिनो त्याने नंतर केले. आणि एक प्रत वाचली. घरच्यांनी ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. आज आपण ती चित्रं पाहतो ती त्या एका प्रतीमुळे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी जपावं लागतं."

मामा काही बोलला नाही. बशीतला चहा संपवला.

चित्तप्रसादांबद्दल इथे थोडं थांबते. कम्युनिस्ट पक्षापासून ते पन्नाशीच्या दशकाच्या आधीच दुरावले. पक्ष गेला तसं पक्षाचं साप्ताहिक गेलं, छापखाना गेला, हजारोंनी प्रती छापणारी यंत्रणा गेली. उरली ती खोली, कोरणी आणि लिनोचे तुकडे. बूट-पॉलिश करणारी, ओझी उचलणारी, कामाला जुंपलेली मुलं त्यांनी १९५२मध्ये कोरली. त्या मालिकेला 'एंजल्स विदाऊट फेअरी टेल्स' असं नाव दिलं. ती पुस्तकरूपाने निघाली १९६९मध्ये, तीही डेन्मार्कच्या युनिसेफ समितीकडून. सतरा वर्षं. लिनोचं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की यंत्र नसेल तरी चालतं. काचेवर शाई पसरायची, रोलर फिरवायचा, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. डाव उलटला, माणसं पांगली, तरी एकटा माणूस छापू शकतो. पण एकट्याने छापलेलं जातं कुठे, हा मामाचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

"बरं, हे नवीन काय आहे?" मामाने टेबलावरचा ब्लॉक उचलला. बराच वेळ उलटसुलट धरून पाहिला. ब्लॉकवर चित्र उलटं असतं, पण त्याची नजर तयार आहे. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचली आहेत.

"पाय," मी म्हटलं. "२०१८च्या लाँग मार्चचे."

६ मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी, बरेचसे आदिवासी, १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. ११ तारखेच्या रात्री सोमय्या मैदानावर टेकले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांची वाट अडू नये म्हणून ते मध्यरात्रीनंतर उठले आणि अंधारातच आझाद मैदानापर्यंत चालत गेले. ११ तारखेच्या संध्याकाळी मी सोमय्या मैदानावर होते. एक म्हातारी चप्पल उशाशी घेऊन झोपली होती. चप्पल म्हणजे पट्टा. तळ असा उरलाच नव्हता. तिचे पाय मी मनात घेऊन आले.

"मोर्चा सहा दिवस चालला," मामा म्हणाला. "तुला हे कोरायला किती लागले?"

"आठ महिने."

"वा."

"थट्टा नको. तू कधी लिनो कोरलायस? रागात कोरलं तर कोरणी सटकते, डाव्या हाताचा अंगठा फाटतो. हा बघ व्रण. पहिल्या आठवड्यात मी दोन ब्लॉक वाया घालवले. सगळीकडे रेघा, सगळीकडे आरडाओरडा. चित्रात पाय कुठे आहेत तेच कळेना. खोडता येत नाही यात. कोरलं ते गेलं. मग थांबले. लिनो उन्हात ठेवायचा, मऊ झाला की थोडं कोरायचं, पुन्हा ठेवायचा. राग तसाच राहतो, फक्त हात थरथरायचा थांबतो."

"पण यात मागणी कुठे आहे? वनजमिनीचा पट्टा कुठे आहे? कर्जमाफी कुठे आहे? नुसते पाय. हे कोणाचे पाय? दिंडीतल्या वारकऱ्याचेही असतील."

"असू देत की."

"कसं असू देत? वारकरी स्वखुशीने चालतो. हे लोक नाइलाजाने चालले होते. ते वेगळेपण तुझ्या चित्रात दिसलं पाहिजे. मी पोस्टरवर तारीख घालायचो, ठिकाण घालायचो, मागणी घालायचो. वाचणाऱ्याला कळायचं की उद्या सकाळी कुठे यायचं."

"आणि मागणी मान्य झाली की? १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. पोस्टर तिथेच संपलं. २०१९च्या फेब्रुवारीत तेच लोक पुन्हा नाशिकहून निघाले. २०२३च्या मार्चमध्ये पुन्हा निघाले, वाशिंदपर्यंत आले. तुझं पोस्टर शिळं होतं मामा. पाय शिळे होत नाहीत."

"शिळं होत नाही," मामा शांतपणे म्हणाला. "तारीख बदलून पुन्हा छापावं लागतं."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी परदेशात गेले. (वादात अडकलेले मराठी लोक नेहमी तिकडेच जातात.) जर्मनीत कम्युनिस्ट पुढारी कार्ल लिबक्नेख्टचा १५ जानेवारी १९१९ला खून झाला. घरच्यांनी चित्रकार केटे कोलवित्सला शवागारात बोलावलं, चेहरा काढून ठेव म्हणून. ती त्यांच्या पक्षाची नव्हती. तिने आधी तांब्याच्या पाट्यावर प्रयत्न केला, मग दगडावर लिथोग्राफ केला, दोन्ही मनाला येईनात. शेवटी आयुष्यात पहिल्यांदाच लाकडाकडे वळली, आणि १९२०मध्ये चित्र पुरं झालं: खाली आडवं प्रेत, वर त्याच्यावर वाकलेले कामगार, जाडजूड काळे हात. एक वर्ष उलटून गेलं होतं. बर्लिनमधल्या रस्त्यावरच्या लढाया तोवर संपल्या होत्या.

"उशीर झाला म्हणून ते चित्र वाया गेलं का?" मी विचारलं. "आणि दुसरं सांगते. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मारला गेला. त्यावरची लाकूडठशांची मालिका करायला तिला १९२२-२३ उजाडलं. त्यातलं पहिलं चित्र, तान्हं मूल दोन्ही हातांवर पुढे धरलेली आई. १९३१मध्ये शांघायला काय झालं माहितीये? चिनी साहित्यिक लू शुनच्या जवळचा तरुण लेखक रौ शी, त्याला सरकारने गोळ्या घातल्या. त्यावर उघड लिहिणं शक्य नव्हतं. लू शुनने हेच चित्र एका मासिकात छापलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या चित्रावर बर्लिनची तारीख असती, मागणी असती, तर ते शांघायला चाललं असतं का?"

लू शुनचं नाव ऐकून मामा सावरून बसला. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, लू शुनने शांघायमध्ये तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांचा लाकूडठशांचा वर्ग भरवला होता. शिकवायला जपानी माणूस आणि दुभाषा स्वतः लू शुन. चीनमधली लाकूडठशांची चळवळ तिथून पुढे फोफावली. हे मामाला पाठ आहे.

"चांगलं सांगितलंस," तो म्हणाला. "बिनतारखेचं चित्र लांबवर जातं, मान्य. पण ते शांघायला पोचलं कसं?"

"कसं म्हणजे? मासिकातून."

"मासिकातून. म्हणजे छापून. हजारोंनी. पंधरातली एक प्रत कोणाच्या दिवाणखान्यातून उठून चीनला गेली नाही."

खरं तर मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण पॅरिसची गोष्ट मला फार आवडते आणि ती सांगितल्याशिवाय राहवेना. मे १९६८. विद्यार्थ्यांनी कलाशाळेचा ताबा घेतला. पहिलं पोस्टर त्यांनी दगडावरून लिथो करून काढलं, जेमतेम तीस प्रती. त्या एका गॅलरीत विकून चळवळीसाठी पैसे उभे करायचे असा बेत होता. प्रती घेऊन माणूस रस्त्यात निघाला आणि वाटेतच पोरांनी त्या हातातून ओढून घेतल्या, भिंतींवर चिकटवल्या. गॅलरीत एकही पोचली नाही. लिथो फार सावकाश चालतो म्हणून मग स्क्रीन आणली, आणि पुढचे आठवडे पोस्टरं रात्रंदिवस निघत राहिली, कोणाचीही सही नसलेली.

मामा इतका हसला की ठसका लागला. "ही गोष्ट तू मला सांगतेस! मला! अगं, तू हरलीस."

"थांब," मी म्हटलं. "तुझं एक पोस्टर दाखव."

"काय?"

"संपातलं. एक. कुठलंही."

मामाने रुमाल काढला, चष्मा पुसला. त्याच्याकडे एकही नाही. आईकडे नाही, युनियनच्या जुन्या लोकांकडे विचारलं होतं, तिथे नाही. खळीने चिकटवलेली पोस्टरं पहिल्या पावसात भिंतीवरून गळून पडतात. जी उरतात त्यांच्यावर दुसरी लागतात. हे मला ठाऊक होतं. पण पुढचं मला ठाऊक नव्हतं.

"स्क्रीन होत्या ना?" मी विचारलं. "लाकडी चौकटी मी लहानपणी पाहिल्यात."

"चौकटी आहेत. जाळी धुतली. रात्री पोस्टर छापायचं, पहाटे थिनरने स्टेन्सिल उतरवायचं, दुपारी त्याच जाळीवर कोणाचं तरी लग्न."

"म्हणजे तू रोज फुली मारत होतास."

मामाने माझ्याकडे बघितलं. रागावला असं वाटलं, पण आवाज चढला नाही.

"मी जाळी धुतली कारण दुसरी विकत घ्यायला पैसे नव्हते. तू फुली मारलीस ती पैशासाठी. दोन्ही एका मापाने मोजू नकोस."

नाही मोजता येत. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की इथे दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं काहीतरी म्हणता येईल. पण फुलीच्या बाबतीत मामाचंच बरोबर आहे. स्पॅनिश चित्रकार गोयाने 'युद्धाची संहारकथा' म्हणून ओळखले जाणारे पाटे १८१० ते १८२०च्या दरम्यान केले. त्याच्या हयातीत ते प्रकाशित झाले नाहीत. तो १८२८ला गेला, पहिली आवृत्ती निघाली १८६३ला, ८० चित्रांची. आणि १९३७मध्ये, स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना, प्रजासत्ताकाच्या बाजूने त्याच पाट्यांवरून पुन्हा छपाई झाली. शंभराहून जास्त वर्षांनी तेच तांबं पुन्हा कामाला आलं. गोयाने आपल्या पाट्यांवर फुली मारली असती तर त्याचं घरभाडं कदाचित वेळेवर गेलं असतं.

मात्र घोषणेच्या बाबतीत मी मामाचं ऐकलं नाही. सोमनाथ होरांचं एक काम मी त्याला कॅटलॉगमध्ये दाखवलं. होर मूळचे चितगावकडचे, चित्तप्रसादांकडे पाहून दुष्काळाची चित्रं काढायला शिकलेले. १९४६मध्ये उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा मागणाऱ्या तेभागाच्या कुळांबरोबर ते रंगपूरला राहिले, रोजनिशी ठेवली, माणसं कोरली. आणि सत्तरच्या सुमाराला, व्हिएतनाम, नक्षलबारी, बांगलादेश हे सगळं एकदम चालू असताना, त्यांनी एका मालिकेत माणसं काढणंच सोडलं. मेणाच्या किंवा मातीच्या पत्र्यावर चाकूने चिरा पाडायच्या, तापलेल्या सळीने डागायचं, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून बसवायचा. वाळला की कागद आणि चित्र एकदमच निघतं. पांढऱ्यावर पांढरं. क्वचित कुठे लाल ठिपका. शाई नाहीच. 'वुंड्स', जखमा, एवढंच नाव.

फोटोत ते नीट दिसत नाही. उजेड बाजूने पडावा लागतो. मामाने पान दिव्याखाली तिरपं धरलं.

"शाई नाही, मग ही छपाई कसली? माझ्याकडे असा कागद आला असता तर गिऱ्हाइकाने खराब माल म्हणून परत केला असता."

"हो."

बोटाने तो पानावरून चाचपत राहिला. गुळगुळीत आर्ट पेपर होता, हाताला काय लागणार?

"हा माणूस आधी शेतकऱ्यांत राहिला म्हणालीस ना?"

"राहिला. पक्षाचं काम केलं."

"मग याला परवडतं," मामा म्हणाला, आणि कॅटलॉग मिटून माझ्या हातात दिला. "तू मैदानावर एक संध्याकाळ होतीस."

हे लागलं. अजून लागतं. माझ्या आठ महिन्यांचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, त्याच्या या एका वाक्याचं माझ्याकडे नाही.

पायांच्या ब्लॉकवर मी फुली मारलेली नाही. पंधरा प्रतींचा शब्द एका गॅलरीला दिलाय, तो पाळीन. त्याच्या पुढच्या प्रती आकडा न घालता, सही न करता, साध्या कागदावर काढायच्या आणि ज्याला हवी त्याला कागदाच्या किमतीत द्यायच्या असं चाललंय. गॅलरीवाल्यांना ते आवडलेलं नाही. मामाला सांगितलं तर त्याने विचारलं, किती? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, आकडा ठरवू नकोस, शाई संपेल तेव्हा थांब.

आणि आता एक विनंती. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं घर लालबाग, परळ, वरळी, डिलाइल रोड या भागात असेल किंवा होतं असेल, आणि घर बदलताना, चाळ पाडताना पोटमाळ्यावर, पेटीच्या तळाशी, फ्रेमच्या पाठीमागे पुठ्ठा म्हणून लावलेलं १९८२च्या संपातलं एखादं पोस्टर सापडलं, तर ते रद्दीत घालू नका. फाटलेलं असलं तरी चालेल, अर्धं असलं तरी चालेल. त्यावर कोणाची सही नसणार. मला फक्त त्याचा एक चांगला फोटो काढू द्या. लाल रंग जरा बाजूला सरकलेला असेल आणि 'संप'मधल्या 'प'ची उभी रेघ वरून तुटकी असेल, तर ते मामाचं आहे. ती चौकट शेवटपर्यंत वाकडी होती.